ओट्यापर्यंतचा पाव

तांब्याचं तोंड गोल असतं की नाही, यावरून चित्रकलेच्या वर्गात पहिल्याच दिवशी मी मास्तरांशी भांडलो. तीसच्या दशकातली गोष्ट. आमचं घर नाशिकला पंचवटीत, गोदावरीच्या, म्हणजे आमच्या गंगेच्या, अगदी जवळ. वडील क्षेत्रोपाध्याय, म्हणजे बाहेरगावच्या यात्रेकरूंची स्नानं, श्राद्धं, पूजा करून देणारे. कळायला लागल्यापासून मी तांबे घासले होते, भरले होते, यजमानांच्या हातावर ओतले होते, एकदा भांडणात थोरल्या भावाच्या डोक्यातही घातला होता. तेव्हा तांब्याबद्दल मला कुणी काही शिकवावं हे माझ्या पचनी पडेना. मी कागदावर छान गरगरीत तोंड काढलं, बुडाला सरळ रेघ मारली आणि आत थोडं पाणीही दाखवलं. रिकामा तांब्या मांडून ठेवणं आमच्यात बरं दिसत नाही.

मास्तर मुंबईहून चित्रकला शिकून आले होते. अंगानं किडकिडीत, आवाज मात्र भारदस्त. त्यांनी माझा कागद हातात घेतला, दूर धरला, जवळ धरला.

"तोंड बघताना तू छपराला लटकला होतास," ते म्हणाले, "आणि बूड बघताना जमिनीवर पालथा पडला होतास. एका माणसाला एका वेळी दोन्ही जमत नाही."

मी म्हटलं, तोंड गोल आहे तर मी गोलच काढणार. त्यावर त्यांनी तांब्या उचलून माझ्या डोळ्यांच्या रेषेत धरला. तोंड गायब. एक आडवी कडा तेवढी राहिली. मग त्यांनी तो हळूहळू खाली न्यायला सुरुवात केली, तशी ती कडा उघडत गेली, आधी बारीक फटीएवढी, मग भोपळ्याच्या बीसारखी, मग आणखी रुंद. पार माझ्या पायाशी गेला तेव्हा कुठे तोंड गोल झालं. मला तांब्याचाच राग आला. इतकी वर्षं घरात राहून त्यानं हे कधी कळू दिलं नव्हतं.

"माहीत आहे ते काढायचं नाही. दिसतंय ते काढायचं," मास्तर म्हणाले आणि पुढच्या मुलाकडे वळले. हे वाक्य त्यांनी त्यानंतर इतक्या वेळा ऐकवलं की आम्ही त्यांच्या आधीच म्हणायला लागलो.

वर्ग भरायचा रविवार कारंजाच्या चौकाजवळ, एका भांड्यांच्या दुकानाच्या माडीवर. उत्तरेला मोठी खिडकी होती, म्हणून मास्तरांनी ती जागा धरली होती. उत्तरेचा उजेड दिवसभर जागा सोडत नाही, असं ते सांगत. दुकानदार भला माणूस. मास्तरांकडे स्वतःची एक घागर आणि तो एक तांब्या, एवढंच सामान, म्हणून तो वर काढायला भांडी पाठवायचा. अट एकच, गिऱ्हाईक आलं की भांडं खाली. त्यामुळे आमची बरीच चित्रं अर्धवट राहिली. एकदा आम्ही सगळे एका सुंदर हंड्यावर मान मोडून बसलो होतो. मी नुकताच त्याच्या पोटावरचा उजेड पकडला होता, तेवढ्यात सायखेड्याहून लग्नाच्या खरेदीला मंडळी आली आणि हंडा जिन्यावरून उतरून गेला. मी खिडकीतून वाकून बघत राहिलो. तो बैलगाडीत चढला, वर गवताची पेंढी पडली, आणि माझ्या कागदावर अर्धा हंडा उरला. त्या नवरीचा संसार सुखाचा झाला असेल, पण त्या दिवशी तरी तिच्याबद्दल माझ्या तोंडून चांगले शब्द निघाले नाहीत.

वर्गात जायला मिळालं हेच मुळात नवल होतं. घरात ठरलेलं होतं की थोरला इंग्रजी शाळा शिकून नोकरी धरणार आणि मी वडिलांचं काम पुढे चालवणार. मला मंत्र येत होते, पण यात्रेकरूंशी गोड बोलणं माझ्या स्वभावात नव्हतं. टांग्यातून उतरलेल्या माणसाला गाव, कूळ विचारून त्याच्या मागे मागे जायचं म्हटलं की माझ्या कपाळाला आठ्या पडत. चित्रं काढायची असं मी घरात बोललो तेव्हा वडिलांनी पंचांगात बोट घालून ते मिटलं. मग म्हणाले, दिवाळीपर्यंत जा. दिवाळीला मला एक चित्र दाखव. मला चित्रातलं काही कळत नाही, पण माणूस ओळखता येतो, तेव्हा माणसाचं दाखव. ओळखू आला तर पुढे शिक. नाही आला तर दुसऱ्या दिवसापासून माझ्याबरोबर घाटावर बसायचं आणि पुन्हा हा विषय नको.

श्रावण सरत आला होता. दिवाळी फार दूर नव्हती आणि मला अजून तांब्याचं तोंड येत नव्हतं. मी जिवाच्या आकांतानं शिकायला लागलो.

मास्तरांची शिकवण साधी होती, पण घरी करून बघायची म्हणजे पंचाईत. डोळे किलकिले करून बघा, म्हणजे बारीकसारीक नाहीसं होतं आणि नुसता उजेड आणि सावली उरते. एक डोळा मिटा, हात कोपरात न वाकवता पुढे धरा, पेन्सिलीवर अंगठा सरकवून वस्तूचं माप घ्या. मी हे चुलीपाशी बसलेल्या आईवर करून बघितलं. एक डोळा मिटून आपल्याकडे पेन्सिल रोखलेला मुलगा बघून तिनं हातातली पळी खाली ठेवली आणि हे कसलं बघणं म्हणून विचारलं. संध्याकाळी तिनं माझ्यावरून मीठमोहऱ्या उतरवून टाकल्या. घाटावर तर मी एका बाईचं डोईवरच्या गाठोड्यासकट माप घेत होतो, तिच्या नवऱ्यानं येऊन मला चांगलंच फैलावर घेतलं. तेव्हापासून मी मापं देवळांच्या कळसांवर घ्यायला लागलो. कळस हलत नाही आणि त्याला नवराही नसतो.

भाद्रपदात मास्तरांनी पेन्सिली बाजूला ठेवायला लावल्या आणि कोळसा हातात दिला. तुरीच्या वाळक्या काड्या घट्ट झाकणाच्या डब्यात घालून चुलीत भाजायच्या, की चित्राचा कोळसा तयार. हे काम आईनं आनंदानं अंगावर घेतलं. चूल तिचीच आणि काड्या जळणातल्याच, त्यात बाधण्यासारखं काही नव्हतं. पण कोळसा पुसायचा कसा? रबरानं तो फासला जातो आणि कागदाची साल निघते. मास्तर म्हणाले, उद्या येताना पाव आणा. पावाच्या आतला मऊ भाग घ्यायचा, बोटांनी मळून गोळी करायची आणि कागदावर अलगद टेकवायची, काळं सगळं ती उचलून घेते.

मी गार पडलो. आजच्या मुलांना हसू येईल, पण आमच्या गल्लीत तेव्हा पाव म्हणजे बाटायचं साधन होतं. पाव पायानं तुडवून मळतात, त्यात ताडी घालतात, आणि एकदा पोटात गेला की माणूस आपल्यातून गेला, अशा कथा मी लहानपणी ऐकल्या होत्या. चुलत आजोबांच्या लहानपणी कुणीतरी शेजाऱ्याच्या विहिरीत पाव टाकला होता आणि ती विहीर मग बुजवली, असं सांगत. मी पाव लांबून बघितलेला होता. हात लावलेला नव्हता.

दुसऱ्या दिवशी मी पोळी घेऊन गेलो. मऊ तर पोळीही असते, हा माझा हिशेब. पोळीला तूप लावलेलं होतं हे माझ्या लक्षात आलं तेव्हा घागरीच्या गळ्यावर तेलकट चट्टा पसरला होता आणि त्यावर कोळसा काही केल्या बसेना. मास्तर कागदाजवळ नाक नेऊन म्हणाले की वस्तुचित्राला भुकेचा वास यायला नको. त्याच्या दुसऱ्या दिवशी मी आईकडून कणकेचा गोळा नेला. कणीक चिकटली, कागद फाटला आणि उरलेल्या गोळ्याला मुंग्या लागल्या.

माझ्या शेजारी बसायचा तो भद्रकालीकडच्या एका बेकरीवाल्याचा मुलगा. सगळ्या वर्गाला लागणारा पाव तोच आणत असे. हात सुरेख होता त्याचा. बेकरीची पाटी रंगवायला शिकायची म्हणून आलेला, आणि आल्यावर पाटी विसरून गेलेला. माझी पोळी आणि कणीक त्यानं मुकाट्यानं बघितली होती. मुंग्या दिसल्यावर मात्र त्याला राहवलं नाही. त्यानं कालच्या पावाचं पोट फोडून पांढरा भाग काढला, त्याची गोळी केली आणि माझ्या फळीच्या कोपऱ्यावर ठेवली.

"खाऊ नकोस, पंडित," तो म्हणाला. "नुसतं पूस. पुसण्यानं कोण कशाला बाटतंय?"

मी ती गोळी दोन बोटांत धरली. घागरीच्या पोटावर टेकवली आणि उचलली. काळ्यातून लख्ख पांढरा ठिपका उघडा पडला, आणि घागर एकदम पितळेची झाली. मी असा आनंदलो की आणखी चार ठिकाणी ठिपके पाडले, आणि घागरीला देवी आल्या म्हणून मास्तरांनी ते बुजवायला लावले.

त्या दिवशी घरी जेवताना मी सरळ सांगून टाकलं. मनात ठेवून वागणं मला कधी जमलंच नाही, तोंडावर सगळं दिसतं. आईच्या हातातली वाढायची भाजी वाटेतच थांबली. वडिलांनी घास संपवला, पाणी प्यायले, आणि एखाद्या यजमानानं शंका विचारावी तसे प्रश्न विचारायला लागले. तोंडात जातो का? नाही. जिभेला लागतो का? नाही. मग हात धुतोस का? धुतो. मग त्यांनी निर्णय दिला. साबण आपण खात नाही पण लावतो, तसं समजायचं. मात्र पाव बाहेरच्या ओट्यापर्यंतच. उंबऱ्याच्या आत त्याचा कणही येता कामा नये, काढायचं ते ओट्यावर बसून काढायचं, आणि ते स्वतः त्याला हात लावणार नाहीत, त्यांच्या आसनाजवळही तो दिसता कामा नये. आई म्हणाली, साबण कुणी खात नाही, पाव लोक खातात. वडील म्हणाले की हा मुद्दा बरोबर आहे आणि उठून हात धुवायला गेले.

मला वाटलं होतं की आमचंच घर असं. पण माझ्या त्या बेकरीवाल्या मित्राच्या घरी याच पावावरून उलट्या बाजूनं बोलणी बसत होती. त्याच्या वडिलांच्या मते पाव म्हणजे अन्न, आणि अन्नानं कोळसा पुसणं हा नादानपणा. त्यांच्या घरात पावाचा तुकडा जमिनीवर पडला तर उचलून, कपाळाला लावून, पायाखाली येणार नाही असा बाजूला ठेवायचे. त्यांनी परवानगी दिली ती एका अटीवर. पाव शिळा न्यायचा, आणि एक कण कुणाच्या पायाखाली येता कामा नये. म्हणून वर्ग सुटला की माझा मित्र सगळ्यांच्या फळ्यांखालून काळा चुरा रुमालात गोळा करायचा आणि आम्ही दोघं पुलाखाली जाऊन तो माशांना घालायचो. आमच्या गल्लीत पाव हलका म्हणून दूर, त्यांच्याकडे तो थोर म्हणून दूर, आणि मासे दोन्ही घरांचं ऐकून न घेता कोळशासकट गट्ट करत होते. आम्ही पायरीवर बसून पोट दुखेपर्यंत हसत असू.

आश्विन लागला आणि माझं हसू आटलं. माणसाचं चित्र तर सोडाच, माणूसच मिळेना. आई एका जागी बसत नसे. थोरला भाऊ बसला की मला चिडवायचा, मग मी चिडायचो आणि रेघ बिघडायची. मित्रानं मला बसून दिलं असतं, पण वडील त्याला ओळखत नव्हते, मग ओळखू येणार कसा? एका दुपारी मी ओट्यावर हताश होऊन बसलो होतो आणि समोर बघितलं तर वडील. जेवणानंतर ते रोज ओट्याच्या दुसऱ्या टोकाला चटईवर, भिंतीला पाठ टेकून बसत. पंचांग मांडीवर, डोळे अर्धे मिटलेले, वाट बघायची ती यात्रेकरूंची. ते हलत नव्हते. त्यांना कुणी विकतही घेऊन जाणार नव्हतं. इतके दिवस मी गावभर हिंडत होतो.

मी विचारलं नाही. नुसता कागद लावला आणि सुरुवात केली. त्यांनी बघितलं, आणि पंचांगाचं पान उलटायचं बंद झालं. मग रोज दुपारी तेच. ऊन डाव्या अंगानं येई, भिंतीवर त्यांची सावली पडे. मी डोळे किलकिले केले की वडील जाऊन एक उजळ कपाळ, एक काळा डोळ्याचा खळगा आणि खांद्यावरच्या उपरण्याची तिरपी पट्टी एवढंच उरायचं. आयुष्यात इतका वेळ मी त्यांच्याकडे कधी बघितलं नव्हतं. त्यांचा उजवा खांदा उतरलेला होता. वर्षानुवर्षं एका हातात पाण्यानं भरलेली घागर घेऊन घाट चढल्यानं असेल. ते मला माहीत नव्हतं, दिसलं तेव्हा कळलं. मला वाईट वाटलं आणि मी तो तसाच उतरलेला काढला. आई तुळशीला पाणी घालायला बाहेर आली तेव्हा कागदाकडे बघून थांबली आणि म्हणाली, खांदा सरळ कर, लोक काय म्हणतील. मी केला नाही.

धनत्रयोदशीच्या दुपारी चित्र झालं असं मला वाटलं. म्हणजे आणखी काही केलं तर बिघडेल अशी भीती वाटायला लागली. मी फळी भिंतीला टेकवून ठेवली आणि वडिलांना म्हटलं, बघा. ओळखू आलं नाही तर दुसऱ्या दिवसापासून घाट, हे आम्हा दोघांनाही ठाऊक होतं.

ते उठले, ओट्याच्या माझ्या टोकाला आले आणि फळीसमोर मांडी घालून बसले. पुष्कळ वेळ बघत राहिले. खांद्यापाशी त्यांची नजर थांबली, त्यांनी नकळत स्वतःचा खांदा जरा वर उचलला आणि पुन्हा सोडून दिला. मग चेहऱ्याकडे आले. त्यांच्या कपाळाला आठी पडली. मला वाटलं, संपलं.

"कान खाली आलाय," ते म्हणाले.

मी म्हटलं, नाही, मी माप घेतलंय.

"माप घेतलं असशील. आमच्याकडे कान असा नसतो. भुवईपासून सुरू होतो. माझ्या वडिलांचा बघ, तुझा बघ." त्यांनी अंगठा आणि बोट स्वतःच्या भुवईला आणि कानाला लावलं, तसंच उचलून कागदावर धरलं. कान खरोखर खाली आला होता. यात्रेकरू टांग्यातून उतरता उतरता हा कुणाचा नातू हे ते कशावरून सांगत असतील, ते मला त्या क्षणी कळलं. पण मला बोलायला सवड मिळाली नाही. त्यांनी इकडेतिकडे बघितलं, माझ्या गुडघ्याजवळ पडलेली पावाची गोळी उचलली आणि कानावर टेकवली. एकदा, दोनदा, तिसऱ्यांदा. अगदी अलगद, मास्तरांनी शिकवलं होतं तशी. मला बघून बघून ते त्यांनाही आलं होतं. काळा कान हळूहळू उचलला गेला आणि तिथं कागद पांढरा झाला.

आई दारात उभी होती. तिनं पदर तोंडाला लावला. वडिलांनी गोळी बघितली, बोटं बघितली. मग त्यांनी स्वतःच्या उजव्या कानाला हात लावला. पाणी जवळ नसलं की आमच्यात एवढ्यावर भागवतात, आचमन केल्यासारखंच होतं ते. आंघोळीला ते उठले नाहीत. गोळी जिथून उचलली तिथंच ठेवली, चटईवर परत गेले, भिंतीला पाठ टेकली आणि पंचांग मांडीवर घेतलं.

"कान काढ," ते म्हणाले.

मी म्हटलं, "पण बाबा, दिवाळी आली. ओळखू आलं का?"

"त्याचं काय विचारतोस? कागदावर बसलाय तो कोण, हे मला कळणार नाही?" ते समोर बघत म्हणाले. "पण तुला अजून कान येत नाही. वर्ग सोडू नकोस."

मला रडू फुटलं आणि त्या दिवशी कान काही जमला नाही. कागदावर पाणी पडलं होतं. वडील ऊन जाईपर्यंत हलले नाहीत.